एडीएचडीचं रेटिंग स्केल अहिराणीत आणताना

एडीएचडी म्हणजे मुलाचं लक्ष न लागणं आणि अतिचंचलता. ती किती आहे हे पालकांना १८ प्रश्न विचारून आकड्यांत मोजायचं साधन म्हणजे रेटिंग स्केल. प्रमाण मराठीतलं स्केल जळगाव-धुळे शहरात खपून जातं. अमळनेर-पारोळ्याच्या खेड्यात तेच वाचून दाखवलं की आई नुसती ‘हां, हां’ करते आणि १८ च्या १८ प्रश्नांना एकच आकडा पडतो. अहिराणी आवृत्ती करायची ती यासाठी. मात्र रावेर-यावलची लेवा बोली किंवा सातपुड्यातली भिली बोलणाऱ्यांना तीच चालेल असं धरू नका.

आधी मूळ स्केलच्या हक्कधारकाची लेखी परवानगी. ती नसेल तर पुढची सगळी मेहनत कपाटात जाते.

मग दोन भाषांतरकार, दोघंही घरात अहिराणी बोलणारे. एक मानसोपचारातला, दुसरा त्या विषयाचा गंध नसलेला. दोघांनी वेगवेगळं लिहायचं, नंतर एकत्र बसून एक मसुदा करायचा. मग उलट भाषांतर, म्हणजे तो मसुदा परत इंग्रजीत आणायचा. ते करणाऱ्यांनी मूळ इंग्रजी कागद पाहिलेला नसावा. पाहिला असेल तर ते आठवणीतलं वाक्यच परत लिहितात आणि चूक झाकली जाते.

खरी अडचण उपमांची. १८ लक्षणांत एक आहे: मोटर लावल्यासारखं मूल सतत चालूच असतं. आपल्याकडे मोटर म्हणजे विहिरीवरची. लाइट आली की चालते, गेली की बंद. आई साहजिकच म्हणणार, ‘तसं काही नाही.’ ‘पायाला भिंगरी’ लिहायचा मोह होतो, पण भिंगरी म्हणजे गावभर हिंडणारा. वर्गात बसल्या जागी चुळबुळणारं पोर तिच्यात येत नाही. उपमा सोडा. ‘घडीभर थांबत नाही, सारखं काही ना काही चालूच’ एवढा अर्थ बोलीत आणा. उलट भाषांतरात मोटर परत आली नाही म्हणून भाषांतर तपासणाऱ्या समितीने ते वाक्य पाडू नये.

‘बाकावरून उठतो’ही नको, जिल्हा परिषदेच्या कित्येक वर्गांत पोरं सतरंजीवर बसतात. ‘जागा सोडतो’ पुरे. ‘तुमचं मूल’ बोलण्यात कानाला खटकतं. आंडोर (मुलगा) आणि आंडेर (मुलगी) अशा दोन प्रती छापा, म्हणजे क्रियापदंही जुळतात.

उत्तरं ० ते ३. ‘बऱ्याचदा’ आणि ‘खूपदा’ यांत पालकांची गल्लत होते. शेंगदाण्याच्या चढत्या ढिगांचं चित्र समोर ठेवा, सगळ्यांना तेच. ‘आठवड्यातून किती दिवस’ अशी सोय मात्र करू नका, त्याने मापच बदलतं. सहा महिन्यांचा काळ दिवाळीच्या सुमारास विचारत असाल तर ‘आखाजीपासून’ (अक्षय्य तृतीयेपासून) म्हणा.

मसुदा ३० ते ४० पालकांना ऐकवा. ‘समजलं का?’ विचारलंत तर सगळे हो म्हणतील. ‘काय समजलं, तुमच्या शब्दांत सांगा’ असं विचारा. तीन-चार जण एकाच जागी अडखळले तर वाक्य बदला आणि ते नव्या पालकांवर तपासा.

पुढे आकडे. प्रश्नामागे १० या ठोकताळ्याने किमान १८० मुलं. लक्ष न लागण्याचे ९ आणि अतिचंचलतेचे ९ प्रश्न, यांचा अल्फा (गटातले प्रश्न एकमेकांशी किती जुळतात याचं माप) वेगवेगळा काढा. तो ०.७० च्या खाली आला तर प्रश्न गाळू नका. आधी त्याची भाषा तपासा, बहुधा खोट तिथेच निघते. फेरचाचणी, म्हणजे त्याच पालकांना तेच प्रश्न परत, दोन आठवड्यांनी, पण पहिली फेरी शाळा चालू असताना आणि दुसरी दिवाळीच्या सुट्टीत असं होऊ देऊ नका.

किती गुणांच्या पुढे एडीएचडीचा संशय धरायचा, याची अमेरिकेतल्या मुलांवर ठरलेली सीमारेषा उचलू नका. गुण न पाहता डॉक्टरांनी मुलाखतीतून केलेलं निदान घ्या, ते शेजारी ठेवून इथली रेषा काढा.