टाकीतली मोटर घूं घूं करतेय? आधी पेट्रोलचा काटा बघा

चावी ऑनला फिरवली की मागच्या सीटखालून दोन-तीन सेकंद बारीक घूंऽऽ येते आणि थांबते. तो आवाज बरोबरच आहे, इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाडीत पंप आधी लाईनमध्ये प्रेशर बनवून घेतो. पण तीच घूं गाडी चालू झाल्यावर पण थांबत नसेल, कानाशी डास आल्यासारखी सायनपासून ठाण्यापर्यंत सोबत येत असेल आणि मागे बसलेली आई "अरे हे काय वाजतंय सारखं?" म्हणत असेल, तर मग बघायला लागतं. माझ्या २००८च्या हॅचबॅकमध्ये हेच झालं, गॅरेजवाल्याने सीटवर हात ठेवला न ठेवला आणि "मोटर गेली साहेब, पूर्ण असेंब्ली टाकू" म्हणून मोकळा झाला. मोटर गेली नव्हती.

शब्दाचा घोळ आधी मिटवतो, आपल्याकडे पंप म्हटलं की लोकांना गाडीत पेट्रोल भरायची जागा आठवते, म्हणून गॅरेजमध्ये याला टाकीतली मोटर म्हणतात आणि मी पण तेच म्हणतोय. जुनी कार्बोरेटरवाली गाडी असेल तर हे सगळं तुमच्यासाठी नाही, पद्मिनीसारख्या गाड्यांमध्ये पंप इंजिनवरच असायचा, मेकॅनिकल, वायर-बियर काही नाही, आणि मे महिन्यात व्हेपर लॉक झालं, म्हणजे पेट्रोल तापून त्याची वाफ पाईपात अडकली की टॅक्सीवाले त्याच्यावर ओलं फडकं टाकून बसायचे. ऑक्टोबर २०२३ला मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली आणि तो ओल्या फडक्याचा इलाजही गेला.

आधी आवाज नक्की कुठला ते ठरवा. शांत जागी गाडी उभी करा, मागच्या सीटवर कोणाला तरी बसवा आणि तुम्ही रेस द्या. रेसबरोबर आवाज चढत-उतरत असेल तर बहुतेक पुढचं काहीतरी आहे, अल्टरनेटरचं बेअरिंग किंवा बेल्ट. स्टिअरिंग वळवल्यावर वाढला तर पॉवर स्टिअरिंग, गाडीच्या स्पीडबरोबर वाढला तर व्हील बेअरिंग. टाकीतली मोटर जुन्या गाड्यांत साधारण एकाच सुरात ओरडते, गाडी उभी असो की हायवेला असो.

आता काटा. ही मोटर पेट्रोलमध्येच बुडालेली असते आणि ते पेट्रोलच तिला थंड ठेवतं, तेच तिचं वंगण. टाकी कायम रिझर्व्हवर ठेवली की मोटर तापते, वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं की हवा ओढते, आणि मग ओरडते. मुंबईत ही सवय सीएनजीमुळे लागते, गॅसच्या लाईनीत अर्धा तास उभं राहणारा माणूस पेट्रोल टाकतो शंभर-दोनशेचं, नुसतं स्टार्टिंगपुरतं. त्यात बाहेरून बसवलेल्या काही किटमध्ये गॅसवर गेल्यावर मोटर बंद करणारा रिले जोडलेलाच नसतो, म्हणजे गाडी गॅसवर चाललीय आणि मोटर रिकाम्या टाकीत उगाच फिरतेय. गॅसवर असताना पण सीटखालून घूं येत असेल तर किट बसवणाऱ्याला हे स्पष्ट विचारा. तर पहिला इलाज फुकटातला, दहा लिटर पेट्रोल टाका आणि दोन दिवस पेट्रोलवर चालवा. आवाज गेला किंवा निम्मा झाला तर पुढे टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका, बाकी काही खोलू नका.

दुसरी टेस्ट एका मिनिटाची. आवाज चालू असताना गाडी थांबवा, इंजिन बंद करा, पेट्रोलचं झाकण हळूच उघडा. हवा जोरात आत ओढली गेल्याचा सूंऽऽ आला, आणि झाकण लावून परत स्टार्ट केल्यावर थोडा वेळ आवाज कमी वाटला, तर टाकीत हवा जायचा रस्ता चोंदलाय. झाकण किंवा व्हेंटचा पाईप बघा, स्वस्तात सुटाल.

मग वायरिंग. यासाठी लॅमिंग्टन रोडवरचा साधा मल्टीमीटर पुरतो. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर व्होल्टेज बघा, साधारण १४च्या आसपास येईल, मग मोटरच्या प्लगवर प्लग न काढता मागून बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक असेल तर मधे कुठेतरी करंट खाल्ला जातोय. अर्थ वेगळी तपासा, एक टोक मोटरच्या अर्थ वायरला, एक बॅटरीच्या निगेटिव्हला, ०.२ व्होल्टच्या वर गेलं तर अर्थ खराब. माझा अर्थचा बोल्ट कार्पेटखाली होता, चार पावसाळ्यांचं दारातून झिरपलेलं पाणी पिऊन हिरवा-तांबडा झालेला, पॉलिश पेपरने घासून घट्ट केला तर आवाजातला रडका सूर तिथेच गेला. घूं थोडी राहिली, म्हणून पुढे गेलो.

पुढे म्हणजे फिल्टर. बाहेरचा वेगळा फिल्टर असेल तर आधी तो बदला. तेवढ्याने भागलं नाही तर मोटरच्या तळाशी असलेली जाळी, आणि तिच्यासाठी टाकी उघडावी लागते. काही गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं, काहींत पूर्ण टाकी खाली उतरवावी लागते, तुमची दुसऱ्या प्रकारातली असेल तर गॅरेजलाच द्या, जॅकवर टाकी उतरवायचं काम घरी करू नका.

झाकणवाली असेल तर ऐका. बेसमेंट पार्किंग किंवा पोडियमखाली हे काम अजिबात नाही, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली साचते. उघड्यावर करा, आग विझवायचा सिलेंडर हाताशी, टाकीत पेट्रोल पावच्या खाली, आणि बघायला येणाऱ्या वॉचमनची बिडी आधी विझवा. सीएनजी असेल तर सिलेंडरचा व्हॉल्व बंद. मोटरचा फ्यूज किंवा रिले काढून गाडी स्टार्ट करा आणि आपोआप बंद पडू द्या, म्हणजे लाईनमधलं प्रेशर उतरतं. स्विच पेट्रोलवर हवा, नाहीतर पाईपात उरलेल्या गॅसवर गाडी मजेत चालत राहील आणि तुम्ही बघत बसाल. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा.

उघडायच्या आधी झाकणाभोवतीची माती ब्रशने आणि फडक्याने पूर्ण साफ करा, नाहीतर ती सगळी टाकीत. फोनवर फोटो काढा, कुठला पाईप कुठे, बाण कुठल्या दिशेला. प्लॅस्टिकच्या क्लिपा जुन्या झाल्या की बिस्किटासारख्या तुटतात, घाई नको. मोटर टाकीत धरून ठेवणारी रिंग अडकली तर लाकडाचा तुकडा लावून हळू ठोका, लोखंडी छिन्नी नको, ठिणगी पडते.

माझी जाळी बाहेर आली तेव्हा मूळची पांढरी आहे हे सांगावं लागलं असतं. महिनाभर न धुतलेली चहाची गाळणी असते ना, तोच रंग, आणि बोट फिरवलं की तपकिरी चिखल. मोटर यातून पेट्रोल ओढायला धडपडत होती, ओरडणार नाही तर काय. जाळी धुऊन परत लावू नका, नवीन टाका. वरचा रबर ओ-रिंग पण नवीनच, जुना पेट्रोलने फुगतो आणि खाचेत बसत नाही. मोटर आणि स्टँडमधलं रबर कडक झालं असेल तर नुसत्या थरथरीनेच सगळी सीट वाजते, ते पण बदला. आतला पाईप बदलायचा झाला तर पेट्रोलमध्ये बुडून राहणारा मागा, बाहेर वापरतात तो साधा पाईप आत टिकत नाही.

मोटर खरंच घासतेय, किंवा गेजवर प्रेशर कंपनीने सांगितलेल्यापेक्षा कमी येतंय, तरच मोटर बदला, आणि नुसती मोटर वेगळी मिळते का ते आधी विचारा, पूर्ण असेंब्लीपेक्षा बरीच स्वस्त पडते. कुर्ल्याला सीएसटी रोडवर दरवाजा, आरसा, बंपर जुन्यातला घ्या, मोटर नको. ती किती दिवस कोरडी फिरलीय कोणाला माहीत.

सगळं बसवल्यावर स्टार्ट न करता चावी चार-पाच वेळा ऑन-ऑफ करा, प्रेशर बनू द्या, आणि झाकणाभोवती ओल किंवा वास येतो का बघा. आला तर लगेच चावी बंद, निगेटिव्ह काढा आणि रिंग परत बसवा, तोपर्यंत स्टार्ट नाही. आणि लगेच टाकी फुल्ल करू नका. मी केली, घूं गायब म्हणून खुशीत पंपावर गेलो, फुल्ल सांगितली, आणि काटा अर्ध्याच्या वर जाईना. मोटर आत घालताना फ्लोटची, म्हणजे पेट्रोलवर तरंगून काटा हलवणाऱ्या तुकड्याची, दांडी वाकली होती. भरलेली टाकी उघडता येत नाही, मग पेट्रोल संपेपर्यंत दहा दिवस गाडी चालवली आणि परत सीट काढली.