स्लाइड-इन कॅम्परसाठी पिकअपचं इंजिन: आधी दाराचं स्टिकर वाचा

अमेरिकेत डिझेलचा टॉर्क (ओढण्याचा जोर) बघून पिकअप घेतला जातो आणि मागच्या हौद्यात स्लाइड-इन कॅम्पर, म्हणजे राहण्याची खोली, चढवल्यावर गाडी ओव्हरलोड निघते. कारण साधं आहे: डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा कित्येक शे पौंड जड. गाडीची एकूण वजनमर्यादा तीच राहिली, तर तेवढा पेलोड (गाडी पेलू शकते तो भार) गेला. फोर्ड एफ-२५० किंवा राम २५०० हे पिकअप घेताना हे हमखास तपासा.

१. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचं स्टिकर बघा. माणसं आणि सामान मिळून किती पौंड चालतील, ते त्यावर असतं. ब्रोशरचा आकडा धरू नका. तो बहुतेक साध्यातल्या साध्या मॉडेलचा असतो.

२. कॅम्परच्या कोरड्या वजनात पाणी, गॅस, बॅटरी, सामान आणि माणसं मिळवा. पाणी गॅलनला ८.३ पौंड, म्हणजे ३० गॅलनची टाकी भरली की झाले २५०.

३. बेरीज डिझेलच्या स्टिकरमध्ये बसत नसेल, तर पेट्रोल घ्या किंवा थेट वरच्या एफ-३५० किंवा राम ३५०० वर जा.

दोन्ही बसत असतील, तर रस्ता बघून ठरवा. टर्बो (हवा दाबून इंजिनात भरणारं यंत्र) नसलेल्या पेट्रोल इंजिनाची ताकद दर हजार फूट उंचीमागे साधारण ३ टक्के घटते. कोलोरॅडोतला आयझेनहॉवर बोगदा ११,००० फुटांच्या वर आहे. तिथे टर्बो डिझेल चढाला दमत नाही आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेकमुळे (धूर अडवून इंजिनानेच गाडी आवरणारी सोय) चाकांचे ब्रेक फारसे तापत नाहीत. वर्षातून चार-दोन सहली असतील, तर मात्र पेट्रोलच परवडतं.

मागच्या स्प्रिंगला आधार देणाऱ्या हवेच्या पिशव्या (एअरबॅग) बसवल्याने गाडी सरळ दिसते, पेलोड वाढत नाही. भरलेली गाडी ट्रक स्टॉपच्या वजनकाट्यावर नेऊन मागच्या अ‍ॅक्सलचं वजन वेगळं तपासा.