कमोडोर ६४ ची फ्लॉपी वापरताना या चुका टाळा

फ्लॉपी नीट चालेना की लोक आधी संगणकावर संशय घेतात. पण कमोडोर ६४ या जुन्या घरगुती संगणकात डॉस, म्हणजे फ्लॉपीवरच्या फाइली सांभाळणारी प्रणाली, नाहीच. ते फ्लॉपी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या १५४१ ड्राइव्हच्या पोटात आहे. त्या ड्राइव्हला स्वतःचा ६५०२ प्रोसेसर, २ केबी रॅम आणि १६ केबी रॉम आहे. संगणक केबलवरून नुसता हुकूम सोडतो. पुढचं सगळं ड्राइव्ह बघतो.

म्हणूनच सेव्ह केल्यावर पडद्यावर ‘रेडी’ दिसलं म्हणजे काम झालं असं धरू नका. ड्राइव्हचा दिवा लुकलुकतोय का ते पाहा. लुकलुकत असेल तर चूक काय झाली ते १५ नंबरच्या चॅनलवर वाचायला मिळतं: २६ म्हणजे राइट प्रोटेक्ट, ६३ म्हणजे त्या नावाची फाइल आधीच आहे. नुकत्याच चालू केलेल्या ड्राइव्हने ७३ दिला तर घाबरू नका, तो डॉस आपलं नाव सांगतोय. चॅनल वाचणाऱ्या ओळी तुमच्याच प्रोग्रॅमच्या शेवटी ६०००० पासून लिहा आणि ‘रन ६००००’ द्या, म्हणजे मूळ काम शाबूत राहतं.

फाइलींची यादी मागवताना मात्र ते शाबूत राहत नाही. डॉलरचं चिन्ह लोड केलं की यादी बेसिक प्रोग्रॅम म्हणूनच मेमरीत उतरते आणि आधीचं पुसलं जातं. संध्याकाळभर टाइप केलेला प्रोग्रॅम मी असाच घालवला आहे. आधी सेव्ह, मग यादी.

सगळ्यात घातक चूक कित्येकांना चूक वाटतच नाही: प्रत्येक फ्लॉपी फॉरमॅट करताना तोच दोन अक्षरी आयडी देणं. फ्लॉपीवरची जागा गोल ट्रॅकमध्ये आणि त्यांच्या छोट्या तुकड्यांत, म्हणजे ब्लॉकमध्ये, विभागलेली असते. कुठले ब्लॉक रिकामे आहेत याचा नकाशा १८ व्या ट्रॅकवर असतो आणि ड्राइव्ह त्याची प्रत स्वतःच्या रॅममध्ये ठेवतो. फ्लॉपी बदलली हे त्याला आयडीवरून कळतं. दोन्हींचा आयडी ‘०१’ असेल तर दुसरी फ्लॉपी आत असताना तो पहिलीचाच नकाशा धरून लिहीत सुटतो आणि भरलेल्या ब्लॉकवर नवी फाइल चढते. तेव्हा काहीच कळत नाही. आठवड्याने जुनी फाइल उघडली की मधेच भलताच मजकूर निघतो. दर फ्लॉपीला वेगळा आयडी द्या, त्याची वही ठेवा. जुन्या फ्लॉपींचे आयडी सारखे असतीलच, तर बदलल्यावर दर वेळी ‘आय’ हुकूम पाठवा, म्हणजे नकाशा नव्याने वाचला जातो.

यादीत प्रकारापुढे तारा दिसला तर ती फाइल बंद न होताच राहिली आहे. ती स्क्रॅच करू नका, म्हणजे पुसू नका. तिच्या ब्लॉकांची साखळी अर्धवट असते. तिच्यामागे जाता जाता डॉस दुसऱ्याच फाइलीचे ब्लॉक मोकळे करू शकतं. ‘व्ही’ म्हणजे व्हॅलिडेट वापरा, तो फाइली तपासून रिकाम्या ब्लॉकांचा नकाशा नव्याने बनवतो. पण जिओस या चित्रमय प्रणालीच्या फ्लॉपीवर हा हुकूम चुकूनही देऊ नका. तिथल्या फाइलींची रचना १५४१ च्या डॉसला समजत नाही. त्यांचे ब्लॉक ते रिकामे ठरवतं.