गाडीचे तेलपाणी घरच्या घरी कसे तपासावे

लांबच्या प्रवासाला निघताना ‘तेलपाणी पाहिलं का?’ असे विचारण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. घरच्या मोटारीचे बॉनेट मात्र बहुधा सर्व्हिसिंगच्या दिवशीच उघडते आणि तेही दुसऱ्याच्या हातून. हल्ली अनेक गाड्यांना १०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी येईल तेव्हा सर्व्हिसिंग सांगितलेले असते. या अवधीत इंजिन ऑइल अर्धा लिटर जळाले, इंजिन थंड ठेवणारे कूलंट थेंबाथेंबाने गळाले किंवा ब्रेक ऑइलची पातळी बोटभर खाली गेली, तरी गाडी बराच काळ कुरकुर करीत नाही. करते तेव्हा ती कुंभार्ली किंवा वरंधा घाटाच्या मध्यावर असण्याची शक्यता अधिक, कारण इंजिन आणि ब्रेक या दोहोंची खरी कसोटी तिथेच लागते. महिन्यातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या प्रवासाच्या आदल्या दिवशी पंधरा मिनिटे दिली, तर यातले बरेचसे आधी कळू शकते. पुढील माहिती साधी, गिअर हाताने बदलायची पेट्रोल हॅचबॅक समोर ठेवून लिहिली आहे. आपल्या गाडीच्या माहितीपुस्तिकेत काही वेगळे सांगितले असेल, तर पुस्तिकेचेच ऐकावे.

पातळी कमी दिसली की ओतायचे, ही सवय सर्वप्रथम सोडावी. मी स्वतः एका पावसाळ्यात दर पंधरवड्याला कूलंटच्या टाकीत अर्धा पेला भर घालत होतो आणि गाडीची किती निगा राखतो याचे मला कौतुकही वाटत होते. वॉटर पंपाच्या सीलमधून ते कूलंट झिरपत होते, हे दिवाळीच्या सुमारास पंप निकामी झाल्यावर कळले. बंद नळ्यांतून फिरणारे द्रव आपोआप संपत नाहीत. कमी झाले तर ते कुठेतरी गेलेले असतात. म्हणून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक छोटी वही ठेवावी आणि प्रत्येक तपासणीला तारीख, किलोमीटरचा आकडा, दिसलेली पातळी आणि काही ओतले असल्यास त्याचे मोजमाप लिहावे. तीन-चार नोंदी झाल्या की मेकॅनिकशी बोलताना अंदाजाने बोलावे लागत नाही.

तपासणीची योग्य वेळ सकाळची, रात्रभर गाडी उभी राहिल्यानंतरची. जागा सपाट हवी. सोसायटीच्या उतारावर किंवा एक चाक फुटपाथवर चढवून उभ्या केलेल्या गाडीत कोणतीही पातळी खरी दिसत नाही. हँडब्रेक ओढावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी, इंजिन बंद करून चावी काढून घ्यावी आणि बटण दाबून सुरू होणारी गाडी असेल तर तिची चावी घरात ठेवून यावे. हे अतिसावध वाटेल. पण रेडिएटरचा विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही गरम गाडीत अचानक फिरू लागतो, हे अनेकांना ठाऊक नसते. ओढणी, सैल बाह्या, लांब मंगळसूत्र आणि धातूचा पट्टा असलेले घड्याळ यांना बॉनेटखाली जागा नाही. बॉनेटची आधारकाठी खोबणीत नीट बसल्याची खात्री करावी. जवळ स्वच्छ सुती फडके, विजेरी आणि जुने पातळ हातमोजे असावेत. सीएनजी गाडीतील गॅसच्या नळ्यांना व व्हॉल्व्हना, तसेच हायब्रिड गाडीतील नारिंगी रंगाच्या जाड केबलना अजिबात हात लावू नये. या तपासणीतील कोणत्याही कामासाठी गाडीखाली शिरण्याची गरज नाही, आणि केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर कधीच शिरू नये.

आरंभ इंजिन ऑइलपासून करावा. बॉनेटखाली पिवळ्या किंवा नारिंगी कडीची पातळ पट्टी असते, तिला डिपस्टिक म्हणतात. ती बाहेर काढून फडक्याने पूर्ण पुसावी, पुन्हा टेकेपर्यंत आत घालावी आणि मग काढून वाचावी. पहिल्यांदा काढलेल्या पट्टीवरचे वाचन ग्राह्य धरू नये, कारण नळीच्या भिंतीला लागलेले ऑइल तिच्यावर पसरलेले असते. पट्टीवर दोन खुणा, भोके किंवा खाचा असतात आणि ऑइलची रेघ त्या दोहोंच्या मध्ये असली पाहिजे. बऱ्याच लहान गाड्यांत या दोन खुणांमधील अंतर साधारण एक लिटर ऑइलइतके असते, त्यामुळे पातळी मध्यावर असेल तर घाईने काही ओतण्याचे कारण नाही. गाडी नुकतीच चालवून आणली असेल, तर ऑइल खाली सम्पमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या भांड्यात, उतरण्यासाठी दहा मिनिटे थांबावे. काही उत्पादक इंजिन कोमट असतानाच मोजायला सांगतात. पद्धत कोणतीही असो, दर वेळी एकच पाळावी, नाहीतर वहीतल्या नोंदींची तुलना व्यर्थ ठरते.

रेघ खालच्या खुणेपाशी आली असेल, तर पुस्तिकेत दिलेल्या ग्रेडचेच ऑइल घालावे. डब्यावरील ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२० यांतील डब्ल्यू हे अक्षर हिवाळ्यासाठीच्या इंग्रजी शब्दाचे असून त्याआधीचा आकडा थंड इंजिनातील प्रवाहीपणा आणि नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातील दाटपणा दाखवतो. ‘जाड ऑइल घाला, इंजिन टिकेल’ हा सल्ला जुन्या, झिजलेल्या इंजिनांच्या काळातला आहे. आजच्या इंजिनांतील बारीक फटी पातळ ऑइलसाठीच आखलेल्या असतात. एका वेळी पाव लिटर ओतावे, पाच-दहा मिनिटे थांबावे आणि पुन्हा पट्टी वाचावी. वरच्या खुणेपलीकडे भरलेले ऑइल क्रँकशाफ्टच्या, म्हणजे इंजिनातील मुख्य दांड्याच्या, फिरण्याने घुसळले जाऊन फेसाळते, आणि फेस वंगणाचे काम नीट करू शकत नाही. शेवटी झाकण घट्ट बसवावे. ते बॅटरीवर विसरून गाडी सुरू करणारे लोक कमी नाहीत.

ऑइलचा रंगही पाहावा, पण त्यावरून भलता निष्कर्ष काढू नये. डिझेल इंजिनातील ताजे ऑइल थोड्याच किलोमीटरमध्ये काळे पडते, कारण ते काजळी धरून ठेवण्याचे काम करीत असते. दुधाळ चहासारखा रंग मात्र काळजीचा असतो: ऑइलमध्ये कूलंट मिसळत असल्याची, बहुधा हेड गॅसकेट (इंजिनाच्या वरच्या व खालच्या भागांमधील सील) गेल्याची ती खूण असते आणि अशी गाडी चालवत गॅरेजपर्यंतही नेऊ नये. येथे एक अपवाद लक्षात ठेवावा. पावसाळ्यात केवळ दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइलच्या झाकणाच्या आतल्या बाजूस पिवळसर सायीसारखा थर जमतो. पट्टीवरचे ऑइल स्वच्छ असेल, तर ती निव्वळ ओल असते आणि एका लांबच्या फेरीने जाते. बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या डिझेल गाड्यांमध्ये याउलट पातळी वाढलेली आढळू शकते. धुराड्यातील डीपीएफ हा फिल्टर स्वतःतली काजळी जाळण्यासाठी जादा डिझेल वापरतो आणि शहरातील थांबत-थबकत जाण्यामुळे ती प्रक्रिया वारंवार अर्धवट राहिली, तर न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. पातळी वर गेली म्हणून समाधान मानू नये, ऑइल पातळ झाले आहे असे समजून ते बदलून घ्यावे. डॅशबोर्डवरील तेलाच्या झारीचा लाल दिवा ऑइलचा दाब दाखवतो, पातळी नाही. तो चालत्या गाडीत लागला तर पुढच्या पंपापर्यंत जाण्याचा मोह टाळून तिथेच कडेला थांबावे आणि इंजिन बंद करावे.

कूलंटच्या बाबतीत एक गोष्ट निरपवाद आहे: गरम इंजिनात रेडिएटरचे किंवा दाबाखालील टाकीचे झाकण उघडू नये. या झाकणामुळे आतील दाब वातावरणापेक्षा साधारण एक बारने अधिक राहतो आणि त्या दाबाखाली साधे पाणीसुद्धा १०० ऐवजी सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळते. झाकण फिरवताच दाब नाहीसा होतो, तापलेल्या द्रवाची क्षणात वाफ होते आणि ती उघडणाऱ्याच्या चेहऱ्यावर व हातांवर येते. झाकणावर ओले फडके टाकून हळूच फिरवण्याची युक्ती हमरस्त्यांवर सर्रास दिसते. तिच्यावर भरवसा ठेवू नये. इंजिन पूर्ण थंड व्हायला एक तास किंवा अधिक लागतो, तो द्यावा. वरची रबरी नळी दाबून पाहिली आणि ती कडक व गरम लागली, तर अजून वेळ आहे असे समजावे.

सुदैवाने पातळी पाहण्यासाठी झाकण उघडावेच लागत नाही. अर्धपारदर्शक प्लॅस्टिकच्या टाकीवर वरची आणि खालची खूण असते, आणि थंड इंजिनात द्रव या दोहोंच्या मध्ये असावा. विजेरी मागच्या बाजूने लावली की रेघ स्पष्ट दिसते. जुन्या टाकीच्या आतल्या डागालाच पातळी समजण्याची चूक होते, म्हणून टाकी हलकेच हलवून रेघ डुलते का ते पाहावे. कूलंट म्हणजे बहुधा इथिलीन ग्लायकॉल, पाणी आणि गंजरोधक रसायने यांचे मिश्रण असते. महाराष्ट्रात गोठण्याची भीती नसते, म्हणून ‘साधे पाणी चालते’ असे म्हटले जाते. पण आपल्याकडे कूलंटचे महत्त्वाचे काम गंज रोखणे आणि उत्कलनबिंदू वाढवणे हे आहे, आणि बोअरच्या जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या अरुंद नळ्यांत चुन्यासारखे बसतात. तयार मिश्रण विकत घेतले असेल तर ते तसेच ओतावे. घट्ट द्रावण असेल तर पुस्तिकेतील प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे, डिस्टिल्ड पाण्यात मिसळावे. हिरवा, गुलाबी किंवा निळा रंग ही केवळ उत्पादकाची निवड असते. रंग जुळला म्हणजे रसायन जुळले असे होत नाही, तेव्हा पुस्तिकेतील प्रकार डब्यावर वाचूनच घ्यावा. घाटात अडचण आली आणि जवळ दुसरे काहीच नसेल, तर थंड झालेल्या गाडीत पिण्याचे पाणी घालून वेळ निभावून न्यावी आणि परतल्यावर संपूर्ण कूलंट बदलून घ्यावे.

इथिलीन ग्लायकॉल गोडसर आणि विषारी असते. सांडलेले कूलंट कुत्री-मांजरे चाटतात आणि थोड्या प्रमाणातही त्यांची मूत्रपिंडे निकामी होतात. लहान मुलांनाही तोच धोका असतो. सांडले तर लगेच भरपूर पाण्याने धुऊन काढावे, आणि उरलेले कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही भरून ठेवू नये.

ब्रेक ऑइलची लहान टाकी चालकाच्या बाजूला, मागच्या भिंतीजवळ असते. तिचीही पातळी बाहेरूनच पाहावी, कारण ग्लायकॉल-आधारित डॉट ३ व डॉट ४ ही ब्रेक ऑइले हवेतील ओल शोषून घेतात. ताज्या डॉट ४ चा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ओल शोषलेल्या अवस्थेत हीच किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. लांब उतारावर ब्रेक सतत दाबून ठेवले की कॅलिपरमधील (चाकाजवळच्या, पॅड दाबणाऱ्या भागातील) ऑइल तापते, त्यातील ओलीची वाफ होते, आणि वाफ दाबली जात असल्याने पेडल स्पंजासारखे खाली जाते. कोकणासारख्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्याचा सल्ला त्यामुळेच पाळण्यासारखा आहे. घाट उतरताना खालचा गिअर लावून इंजिनाचा ब्रेक वापरणे, हा त्याच कारणाचा दुसरा भाग झाला.

ब्रेक पॅड झिजतात तसे कॅलिपरचे पिस्टन बाहेर सरकतात आणि त्यांच्यामागे ऑइल भरते, म्हणून अनेक महिन्यांत टाकीतील पातळी सावकाश खाली जाणे स्वाभाविक असते. ती वाढवण्याऐवजी पॅड तपासून घ्यावेत. पॅड जुनेच असताना टाकी काठोकाठ भरली, तर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे ढकलले जाऊन ऑइल बाहेर सांडते. हे ऑइल गाडीचा रंग उतरवते. सांडल्यास चोळू नये, पाण्याने धुवावे. पातळी थोड्याच दिवसांत उतरली असेल, तर कुठेतरी गळती आहे असे धरून गाडी अजिबात चालवू नये. टाकी उघडावीच लागली, तर आधी झाकणाभोवतीची धूळ पुसावी, झाकणावर लिहिलेल्या प्रकाराचेच सीलबंद ऑइल वापरावे आणि इंजिन ऑइलला वापरलेले नरसाळे चुकूनही लावू नये, कारण खनिज तेलाच्या अंशानेही ब्रेकमधील रबरी सील फुगतात.

उरलेल्या गोष्टी झटपट होतात. बहुतेक नव्या लहान गाड्यांत पॉवर स्टिअरिंग विजेवर चालते, त्यामुळे त्याची टाकी सापडली नाही तर गोंधळू नये. काच धुण्याच्या टाकीत पाणी व त्यासाठीचे द्रावण घालावे. भांड्यांच्या साबणाचा फेस होतो आणि काचेवर पट्टे उमटतात. बॅटरी सीलबंद नसेल आणि तिला बुचे असतील, तर प्लेटा बुडतील इतके डिस्टिल्ड पाणी घालावे. हे करताना चष्मा घालावा आणि जवळ काडी पेटवू नये, कारण आत गंधकाम्ल असते आणि चार्ज होताना हायड्रोजन बाहेर पडतो. पावसाळ्यात विजेरी हातात आहेच, तर वायरिंगच्या कडेला उंदराच्या लेंड्या किंवा कुरतडलेले इन्सुलेशन दिसते का, तेही पाहून घ्यावे.

त्याच रात्री इंजिनाखाली एक मोठा कोरा पुठ्ठा सरकवून ठेवावा. सकाळी त्यावर तपकिरी-काळा डाग असेल तर इंजिन ऑइल, रंगीत व चिकट-गोडसर वासाचा असेल तर कूलंट, आणि चाकाजवळ फिकट, बुळबुळीत डाग असेल तर ब्रेक ऑइल असे ओळखावे. चव घेऊन मात्र पाहू नये. एसी चालवून आल्यावर पडलेले स्वच्छ, वास नसलेले पाणी निर्धोक असते. डागाची जागा आणि रंग वहीत लिहून पुठ्ठ्याचा फोटो काढून ठेवावा, म्हणजे गॅरेजमध्ये गाडी लिफ्टवर चढण्याआधीच कुठे पाहायचे हे ठरलेले असते.