आकारिक आणि संकलित मूल्यमापन: शाळेत वारंवार होणाऱ्या या चुका टाळा

प्रथम सत्र संपत आले की प्राथमिक शाळेतील शिक्षकाच्या टेबलावर संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा, आकारिक (शिकवणे चालू असताना ठेवायच्या) नोंदींचे अर्धवट रकाने आणि वर्णनात्मक नोंदींची कोरी पाने एकाच वेळी येऊन पडतात, आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी हे सर्व पूर्ण करायचे असते. या घाईत झालेल्या चुकांचे खापर बहुधा शिक्षकांच्या कंटाळ्यावर फोडले जाते. अनेक वर्षे नोंदवह्या चाळल्यानंतर मला मात्र असे वाटते की, रकाना भरला म्हणजे मूल्यमापन झाले, हा समजच बहुतेक चुकांच्या मुळाशी आहे. विद्यार्थ्याला २० पैकी १४ गुण मिळाले, हे मापन झाले. ते १४ कोणत्या प्रश्नांना मिळाले, उरलेले ६ कशामुळे गेले आणि त्यावरून उद्याच्या तासात काय बदलायचे, याचा निर्णय घेतला की त्या मापनाचे मूल्यमापन होते.

महाराष्ट्रात पहिली ते आठवीच्या वर्गांसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाची पद्धती २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने आली. शिक्षण हक्क कायदा २००९ मधील कलम २९ हा तिचा आधार. पहिली-दुसरीला आकारिक ७० आणि संकलित ३०, तिसरी-चौथीला ६० आणि ४०, पाचवी-सहावीला ५० आणि ५०, सातवी-आठवीला ४० आणि ६० असा भारांश, म्हणजे एकूण गुणांतील टक्केवारीचा वाटा, ठरला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय आणि इतर अशी आठ साधनतंत्रे आकारिक मूल्यमापनासाठी दिली गेली. ही माहिती शिक्षकांना तोंडपाठ असते. अडचण येते ती पुढे.

आकारिक म्हणजे छोटी परीक्षा, असे मानणे

आकारिक आणि संकलित हा फरक साधनाचा नाही, वापराचा आहे. मूल्यमापनाचे अभ्यासक मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये हा भेद मांडला तो अभ्यासक्रमाच्या मूल्यमापनासंदर्भात: काम चालू असताना सुधारणेसाठी केलेले मूल्यमापन वेगळे आणि काम संपल्यावर निर्णयासाठी केलेले वेगळे. तीच दहा प्रश्नांची लेखी चाचणी घटक चालू असताना घेतली, दुसऱ्या दिवशी तपासून परत दिली आणि तिच्यानुसार अध्यापन बदलले, तर ती आकारिक ठरते. घटक संपून पुढचे दोन पाठ झाल्यावर उत्तरपत्रिका परत मिळत असेल, तर नोंदवहीत ती कोणत्याही रकान्यात असली तरी तिचे काम संकलितच राहते.

दुरुस्ती सोपी आहे. चाचणीची तारीख घटकाच्या शेवटच्या दिवशी न ठेवता तीन-चार तासिका आधी ठेवावी, म्हणजे उपचारात्मक अध्यापनाला, म्हणजे अडलेल्या मुलांना पुन्हा शिकवायला, जागा उरते.

सगळ्या वर्गाला आकारिकमध्ये ४५

ही चूक सर्वांत जास्त आढळते आणि तिचे परिणाम सर्वांत कमी लक्षात येतात. समजा, सहावीच्या वर्गात गणिताचे आकारिक गुण ५० पैकी ४३ ते ४७ या पट्ट्यात आहेत आणि संकलित गुण १२ पासून ४६ पर्यंत पसरलेले आहेत. कागदावर दोन्हींचा भारांश निम्मा-निम्मा दिसतो. प्रत्यक्षात वर्गातील मुलांमध्ये जो काही फरक दिसतो, तो जवळजवळ सगळा संकलित चाचणीतून आलेला असतो, कारण आकारिकने कोणाला कोणापासून वेगळे केलेलेच नसते. मूल्यमापनात भारांश किती लिहिला आहे यापेक्षा गुणांचा पसारा किती आहे, यावर त्या घटकाचे खरे वजन ठरते.

आता संकलितमध्ये १२ मिळवणाऱ्या मुलाकडे पाहा. त्याचे आकारिक गुण ४४, एकूण ५६, म्हणून श्रेणी क-१ (५१ ते ६० टक्के). लेखी चाचणीतील त्याची कामगिरी मात्र २४ टक्के आहे, जी एकटी पाहिली असती तर इ-१ या तळाजवळच्या श्रेणीत गेली असती. क-१ वाचून पालक निश्चिंत होतात आणि पुढच्या वर्गाच्या शिक्षकालाही काही सूचना मिळत नाही.

येथे घाईने निष्कर्ष काढू नये, हेही सांगायला हवे. काही मुले तोंडी आणि प्रात्यक्षिकात खरोखर चांगली असतात आणि लिहिताना अडतात. त्यांचे ४४ प्रामाणिक असू शकतात. म्हणून दोन्ही रकाने शेजारी-शेजारी ठेवून ज्यांच्या टक्केवारीत ३० पेक्षा अधिक तफावत आहे त्यांची नावे काढावीत, आणि लेखी चाचणीत चुकलेले दोन-तीन प्रश्न त्यांना तोंडी विचारावेत. तोंडी उत्तर बरोबर आले तर अडचण लेखनाची किंवा प्रश्न वाचण्याची आहे. तोंडीही आले नाही तर आकारिकचे ४४ कोठून आले, हे आपल्यालाच शोधावे लागेल. बहुतेक वेळा ते प्रकल्पवहीच्या सजावटीतून, नियमित हजेरीतून किंवा ‘शांत आणि आज्ञाधारक मूल’ या प्रतिमेतून आलेले असतात. वर्तनाची नोंद अवश्य करावी, पण गणिताच्या गुणांत ती मिसळू नये.

बरोबर उत्तर म्हणजे समज, चूक उत्तर म्हणजे शून्य

दशांश अपूर्णांकांच्या चाचणीत ‘०.७५ आणि ०.४ यांपैकी मोठी संख्या कोणती?’ असा प्रश्न असतो. ज्या मुलाला स्थानिक किंमत समजली आहे ते ०.७५ लिहिते, आणि ७५ हे ४ पेक्षा मोठे म्हणून ती संख्या मोठी, असा चुकीचा विचार करणारे मूलही ०.७५ च लिहिते. दोघांनाही एकेक गुण. दुसऱ्याची चूक उघड व्हायला ‘०.३५ आणि ०.८’ अशी जोडी हवी. उलट, शतांश हे दशांशापेक्षा लहान असतात म्हणून अधिक अंकांची संख्या लहानच, असे मानणारी मुलेही असतात आणि ती दुसऱ्या जोडीत बरोबर, पहिल्या जोडीत चूक ठरतात. दोन्ही प्रकारच्या जोड्या घातल्याशिवाय या घटकावरील चाचणीला सप्रमाणता येत नाही, कारण जे मोजायचे ते ती मोजतच नाही.

वजाबाकीत याची दुसरी बाजू दिसते. ४०३ मधून १६८ वजा करायचे आहेत आणि उत्तर २३५ आहे. एक मूल ३६५ लिहिते, दुसरे २४५. उत्तरपत्रिकेवर दोन्हींसमोर लाल फुली आणि शून्य गुण. पहिल्याने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे: ८ मधून ३, ६ मधून ०, ४ मधून १. त्याच्या दृष्टीने वर-खाली असा भेदच नाही; त्याला गठ्ठे आणि सुट्ट्या काड्या घेऊन पुन्हा सुरुवात करावी लागेल. दुसऱ्याला हातचा घेणे येते, शतकातून घ्यायचे हेही कळते. फक्त शतक सुटे केल्यावर झालेल्या १० दशकांपैकी एक दशक एककाकडे गेले आणि ९ उरले, एवढे त्याच्या ध्यानात राहिलेले नाही. त्याला दहा मिनिटे पुरतील. दोघांना एकाच उपचारात्मक गटात बसवून पुन्हा वीस वजाबाक्या दिल्या, तर पहिला आणखी वीस चुका पक्क्या करील आणि दुसरा कंटाळेल.

म्हणून निदानात्मक चाचणी, म्हणजे चूक नेमकी कोठे होते हे शोधणारी चाचणी, तपासताना गुणांऐवजी चुकीचे उत्तर जसेच्या तसे टिपून ठेवावे. बहुपर्यायी प्रश्न करायचे असतील तर पर्याय अशाच खऱ्या चुकांमधून घ्यावेत. वरील उदाहरणासाठी ३६५ आणि २४५ हे पर्याय उत्तम आहेत, ५००० हा पर्याय केवळ जागा अडवतो. चार पर्यायांच्या २० प्रश्नांत डोळे मिटून खुणा केल्या तरी सरासरी ५ उत्तरे बरोबर येतात, हे गुण वाचताना विसरू नये.

भाषेचा प्रश्न याच्याच जवळचा आहे. मेळघाटात कोरकू किंवा नंदुरबारच्या डोंगराळ भागात पावरी बोलत शाळेत आलेल्या मुलाला चार ओळींचे शाब्दिक उदाहरण दिले आणि ते चुकले, तर गणित चुकले की मराठी अडली, हे त्या उत्तरावरून सांगता येत नाही. तेच उदाहरण आकड्यांत मांडून किंवा त्याच्या बोलीत सांगून एकदा पाहावे.

तपासणीतील विसंगती

विश्वसनीयता हा शब्द डी. एड.च्या पुस्तकात सर्वांनी वाचलेला असतो. सकाळी तपासलेल्या पाचव्या उत्तरपत्रिकेला आणि रात्री तपासलेल्या पस्तिसाव्या उत्तरपत्रिकेला सारख्याच उत्तरासाठी वेगळे गुण पडतात, हे त्याचे रोजचे रूप. उत्तरसूची आधी लिहून घ्यावी आणि एक पूर्ण उत्तरपत्रिका तपासण्याऐवजी सर्वांचा पहिला प्रश्न, मग सर्वांचा दुसरा, अशा क्रमाने तपासावे. यामुळे पहिले उत्तर छान लिहिले म्हणून पुढच्या उत्तरांना झुकते माप देणेही आपोआप कमी होते.

तयार वर्णनात्मक नोंदी

विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक, या तीन शीर्षकांखालच्या वाक्यांच्या तयार याद्या सत्राच्या शेवटी शिक्षकांच्या व्हॉट्सॲप गटांतून फिरू लागतात. एका शाळेत मला सलग सात मुलांपुढे ‘परिसरातील घटनांचे सूक्ष्म निरीक्षण करतो’ असे आढळले. त्या सातांत तीन मुली होत्या. क्रियापद बदलण्याइतकाही वेळ मिळाला नव्हता. यादीतून शब्द सुचण्यास हरकत नाही, परंतु नोंदीत त्या मुलाने प्रत्यक्ष केलेली एक गोष्ट हवी. ‘वाचनात सुधारणा आवश्यक’ यापेक्षा ‘जोडाक्षरे आली की थांबते, साधे शब्द सलग वाचते’ ही नोंद पालकांनाही उमगते आणि पुढच्या शिक्षकाच्याही उपयोगाची ठरते. वहीवर गुण आणि शेरा एकत्र लिहिण्याबाबतही सावध राहावे. शिक्षण-मानसशास्त्राच्या अभ्यासक रूथ बटलर यांच्या १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात फक्त शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी सुधारली, तर शेऱ्यासोबत गुणही मिळालेल्यांना तो लाभ झाला नाही. आपल्याकडेही वही हातात पडताच मूल आधी शेजाऱ्याचे गुण पाहते, हे वर्गात उभ्या राहिलेल्या कोणालाही ठाऊक आहे.

पाचवी आणि आठवीला २०२३-२४ पासून वार्षिक परीक्षा आणि अनुत्तीर्ण मुलांसाठी पुनर्परीक्षा लागू झाल्यामुळे, पोकळ नोंदींचा फटका आता थेट मुलाला बसतो: वर्षभर क-१ वाचलेल्या घराला उन्हाळ्यात अचानक अनुत्तीर्ण हा शब्द वाचावा लागतो.

सत्र निघून गेले आहे आणि नोंदी राहून गेल्या आहेत, असे झाले असेल तर त्या आठवणीतून भरू नयेत. रोज पाच मुले घ्यावीत, प्रत्येकाकडून परिच्छेदभर वाचन, एक उदाहरण आणि त्याने ते कसे सोडवले याचे तोंडी स्पष्टीकरण घ्यावे, आणि त्याच वेळी, त्याच्यासमोर, दोन ओळी लिहाव्यात. ३० मुलांचा वर्ग सहा दिवसांत होतो. नोंदीखाली तारीख त्या दिवसाचीच टाकावी, जूनची नव्हे.