उन्हाळ्यात खचते, हिवाळ्यात कळते: जुन्या फोनच्या बॅटरीचं काय करायचं

डिसेंबरमधली सकाळ होती. केंद्रस्तरीय क्रीडा स्पर्धा, आमच्या मुलींची कबड्डीची शेवटची चढाई. फोटोसाठी फोन वर धरला आणि 31 टक्के चार्जिंग असताना तो बंद पडला. मैदानावर इतका गारठा होता की मुली स्वेटर घालूनच धावत होत्या. घरी येऊन चार्जरला लावला, तर सुरू होताच 27 टक्के. म्हणजे बॅटरी उतरलेली नव्हती, तरी फोन बंद पडला होता.

चौकातल्या मोबाईल दुरुस्तीवाल्या भाऊंनी ते ऐकताच विचारलं, "मॅडम, उन्हाळ्यात फोन कुठं ठेवता?"

स्कूटीच्या डिक्कीत. मार्च-एप्रिलमध्ये सकाळची शाळा सुटून मी चंद्रपूरला परतते तेव्हा बारा वाजून गेलेले असतात आणि डिक्की भट्टीसारखी तापलेली असते. असे तीन उन्हाळे त्या फोनने काढले होते.

फोनमधल्या लिथियम-आयन बॅटरीत ग्राफाइटच्या बाजूवर एक पातळ थर हळूहळू जाड होत जातो. त्यात लिथियम अडकून बसतं, साठवण कमी होते आणि आतला रोध, म्हणजे वीज वाहायला होणारा अडथळा, वाढतो. उष्णतेत हे सगळं जास्त वेगानं होतं. फोन उन्हाळ्यात मात्र तक्रार करत नाही. थंडीत रोध आणखी वाढतो, कॅमेऱ्यासारखं काम एकदम जास्त वीज ओढतं, व्होल्टेज खाली घसरतं आणि फोन स्वतःला बंद करून घेतो. उन्हाळ्यातलं नुकसान असं डिसेंबरमध्ये समोर येतं.

म्हणून पहिलं काम म्हणजे दोष खरंच बॅटरीचा आहे का ते बघणं. सेटिंग्जमध्ये बॅटरीचा वापर उघडा. एखादंच ॲप वरती दिसत असेल, किंवा फोन हातात न घेताही पिशवीत कोमट लागत असेल, तर ते ॲप बंद करून दोन दिवस वाट पाहा. पण आकडा 35 वरून एकदम 12 वर येत असेल, कॅमेरा उघडताच फोन मरत असेल आणि चार्जर लावताच टक्के उडी मारत असतील, तर बॅटरीच थकली आहे. आयफोनमध्ये बॅटरी हेल्थचा आकडा थेट दिसतो. 80 च्या खाली गेला की बदलण्याचा विचार करावा. काही अँड्रॉइड फोनमध्येही अशी सोय आहे. माझ्या फोनमध्ये नव्हती, म्हणून ॲक्यूबॅटरी नावाचं ॲप टाकलं. एका चार्जिंगवर त्याचा भरवसा धरू नका, सात-आठ वेळा होऊ द्या. 4000 एमएएचच्या (हे साठवणीचं माप) माझ्या बॅटरीत जेमतेम 2800 उरल्याचा अंदाज त्यानं दिला.

पूर्ण उतरवून पूर्ण भरली की बॅटरी सुधारते, असं स्टाफरूममध्ये मला तिघांनी सांगितलं. ती सवय जुन्या निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळातली. लिथियमच्या बॅटरीत त्यानं फार तर टक्क्यांचा चुकलेला आकडा जागेवर येतो, गेलेली साठवण परत येत नाही.

बदलेपर्यंतचे दोन महिने मी फोन सांभाळून वापरला. सर्वात जास्त उपयोग झाला तो रस्त्यातल्या जंगलपट्ट्यात एअरप्लेन मोड लावण्याचा. तिथं आठ-दहा किलोमीटर रेंज नसते आणि फोन सतत टॉवर शोधत वीज खात राहतो. शाळेत 5जी बंद करून 4जी ठेवलं. चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवण्याची सोय असेल तर ती चालू करा; पूर्ण भरलेल्या अवस्थेत तासन् तास राहणंही बॅटरीला जाचतं. मी रात्रभर लावून ठेवणं सोडलं, पहाटे खोली गार असताना कव्हर काढून लावू लागले, तेही घरातल्या जुन्या, सावकाश चार्ज करणाऱ्या चार्जरवर. चार्जिंग चालू असताना हॉटस्पॉट देणं आणि व्हिडिओ कॉल करणं बंद. डार्क थीमचा फायदा ओएलईडी स्क्रीनलाच होतो, कारण तिथं काळ्या भागातले ठिपके बंदच राहतात; माझ्या फोनला झाला नाही.

तापलेला फोन फ्रीजमध्ये मात्र ठेवू नका. आत दव धरतं. कव्हर काढून सावलीत पंख्याखाली ठेवला की पुरतं.

एक गोष्ट मात्र अजिबात पुढे ढकलायची नाही. फोन टेबलावर ठेवल्यावर डुगडुगत असेल, स्क्रीनची कड उचलली असेल किंवा मागचं झाकण फुगीर वाटत असेल, तर बॅटरीत वायू साठला आहे. त्या क्षणी चार्जिंग थांबवा, फोन बंद करा. झाकण दाबून बसवू नका. टाचणी टोचून हवा काढता येते, असं आमच्या सातवीतला एक मुलगा सांगत होता. मी वर्ग थांबवून सगळ्यांना समजावलं की त्यानं आग लागते. असा फोन गादी-कपड्यांपासून दूर, फरशीवर ठेवायचा आणि शक्य तितक्या लवकर सर्व्हिस सेंटरला न्यायचा.

बदलायला जाण्याआधी फोनला सुरक्षा अपडेट अजून मिळतात का ते बघा. मिळत नसतील आणि त्याच फोनवर बँकेचे व्यवहार असतील, तर मी नव्या बॅटरीवर पैसे घालणार नाही. मिळत असतील तर नक्की बदला, नव्या फोनपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं. मला कंपनीच्या केंद्रात मजुरीसकट 1,650 रुपये लागले. बाहेरच्या दुकानातून घेत असाल तर बॅटरीवरचं लेबल वाचा: भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह, आयएस 16046 आणि आर-ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक हवा. बनवल्याची तारीखही बघा, पडून राहिलेली बॅटरीसुद्धा म्हातारी होते. फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप आधी घ्या. चार्जिंग 25 टक्क्यांच्या खाली आणून न्या, भरलेली बॅटरी उघडताना धोका जास्त असतो. फोन पाण्यापासून सुरक्षित असल्याचं कंपनी सांगत असली, तरी एकदा उघडल्यावर त्या भरवशावर पावसात काढू नका.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, केंद्रातच जमा करा. 2022 च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार ती परत गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे.

आता शाळा सुटताना फोन डिक्कीत जात नाही, पर्समध्ये कोरड्या रुमालात गुंडाळून खांद्यावर असतो. शाळेत असते तेव्हा खिडकीपासून दूर, कपाटात. कव्हरच्या आत एक चिठ्ठी ठेवली आहे: बॅटरी बदलली, 14 फेब्रुवारी. त्याखाली ॲपचा पहिला आकडा लिहिलाय, 3950. पुढचा आकडा जूनमध्ये, शाळा सुरू झाली की लिहीन.