वेब सर्च टूलचं डॉक्युमेंटेशन एजंटसाठी पुरेसं आहे का, हे कसं तपासाल?

मी बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत टेक्निकल रायटर आहे. एआय एजंटच्या, म्हणजे स्वतः टूल वापरून काम करणाऱ्या एआय प्रोग्रामच्या, हाती वेब सर्चचं टूल देण्याआधी त्या टूलचे डॉक्स (डॉक्युमेंटेशन) तपासणं हे माझं काम. डॉक्समधलं एखादं वाक्य कळलं नाही, तर माणूस शेजारच्या डेस्कवर जाऊन विचारतो. एजंट बहुतेक वेळा अंदाज बांधतो आणि पुढे जातो. म्हणून डॉक्स कुठे गप्प आहेत, हे मी आधी शोधते.

डॉक्स उघडण्यापूर्वी चार-पाच प्रश्न लिहून ठेवा. उत्तरं तुम्हाला स्वतः पडताळता येतील असेच प्रश्न घ्या. माझे प्रश्न पाण्याचे असतात. खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत मिळून आज किती साठा आहे? येत्या गुरुवारी आमच्या भागात पाणी बंद आहे का? आणि एक प्रश्न मुद्दाम असा, की ज्याचं उत्तर वेबवर असूच शकत नाही: आमच्या सोसायटीच्या टाकीत या क्षणी किती पाणी आहे? हा शेवटचा प्रश्न कधीही गाळू नका.

आता एजंटला नेमकं काय दिसतं ते बघा. वेबसाइटवरची सुंदर पानं सहसा त्याच्यासमोर नसतात. त्याला मिळतं टूलचं नाव, वर्णन आणि पॅरामीटरचा (टूलला द्यायच्या माहितीच्या रकान्यांचा) जेसन स्कीमा, म्हणजे ठरावीक साच्यातला तक्ता. एमसीपी (एजंटला टूल जोडण्याची एक प्रमाणित पद्धत) सर्व्हरमधून टूल जोडलं तरी तेच. त्यामुळे वेबसाइट आणि टूलचं वर्णन शेजारी ठेवून वाचा. वेबसाइटवर एका वेळी २० निकाल आणि स्कीमात कमाल १०, अशी तफावत दिसली की तिथेच खूण करा. टूल कधी वापरायचं याबरोबर कधी वापरायचं नाही, हेही वर्णनात हवं.

पॅरामीटर वाचताना प्रत्येकाचा प्रकार, डिफॉल्ट, चालणाऱ्या किमती आणि मर्यादा लिहिल्या आहेत का ते पाहा. भाषेसाठी ‘एमआर’ हा कोड चालतो की ‘मराठी’ असं लिहायचं? तारीख कशी द्यायची? ०४/०७ म्हणजे आपल्याकडे ४ जुलै, अमेरिकेत ७ एप्रिल. २०२५-०७-०४ असा नमुना दिला असेल तर प्रश्नच मिटतो. क्वेरीच्या, म्हणजे शोधायच्या मजकुराच्या, लांबीची मर्यादा अक्षरांत मोजतात की बाइटमध्ये, हे मराठीसाठी फार महत्त्वाचं आहे. ‘पुणे’ या शब्दात युनिकोडची ४ चिन्हं आहेत (प, उकार, ण, मात्रा), यूटीएफ-८ या साठवणीच्या पद्धतीत त्यांचे १२ बाइट होतात आणि यूआरएलमध्ये एन्कोड केल्यावर ३६ कॅरॅक्टर. इंग्रजी उदाहरणांवर बेतलेली मर्यादा आपल्या साध्या वाक्यालाही अपुरी पडू शकते.

निकालातल्या तारखेवर जरा थांबा. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटलं आणि पुण्यात पूर आला. त्या पुराच्या आठवणी जुलैमध्ये छापून येतात, आणि धरणसाठ्याच्या बातम्याही नेमक्या त्याच दिवसांत येतात. म्हणजे लेख आजचा आणि घटना १९६१ ची. गेल्या आठवड्याचा फिल्टर लावूनही असा लेख वर येऊ शकतो. फिल्टर कोणत्या तारखेवर चालतो – पान प्रसिद्ध झाल्याची, शेवटच्या बदलाची की क्रॉलरनं (वेबवरची पानं गोळा करणाऱ्या प्रोग्रामनं) पान पाहिल्याची – हे डॉक्सनी सांगायलाच हवं. तारीख सापडली नाही तर ती जागा रिकामी येते की आजची तारीख भरली जाते, तेही.

आता माझ्या मते सगळ्यात कळीची जागा: काहीच सापडलं नाही तर काय? निकालांची यादी रिकामी आली, टाइमआउट झाला, कोटा संपला, या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. तिन्ही वेळा २०० (‘सगळं ठीक’ सांगणारा कोड) आणि रिकामी यादी परत येत असेल, तर कोटा संपल्यावरही ‘अशी माहिती उपलब्ध नाही’ असं एजंट ठामपणे सांगू शकतो. धरणाच्या विसर्गाबद्दल नदीकाठी राहणाऱ्या माणसाला असं उत्तर मिळणं मला धोक्याचं वाटतं. म्हणून डॉक्समध्ये प्रत्येक परिस्थितीचा नमुना प्रतिसाद हवा आणि पुढची कृतीही हवी: ४२९ (विनंत्या फार झाल्याचा कोड) आला तर प्रतिसादातल्या रिट्राय-आफ्टर या नोंदीत दिलेला वेळ थांबा, रिकामी यादी आली तर शब्द बदलून पुन्हा शोधा, चुकीचा पॅरामीटर असेल तर तोच कॉल पुन्हा करू नका.

वेब पानांवरचा मजकूर म्हणजे सूचना नव्हेत, तो बिनभरवशाचा डेटा समजावा, ही ताकीदही वर्णनात शोधा. टूलची आवृत्ती आणि ते बंद होण्याची तारीख कुठे जाहीर होते ते टिपून ठेवा. बिंगचे सर्च एपीआय (दुसऱ्या प्रोग्रामना बिंगमधून शोधू देणारी सोय) ११ ऑगस्ट २०२५ ला बंद झाले, तेव्हा त्यांवर उभ्या असलेल्या टूलना दुसरी सोय शोधावी लागली.

शेवटी प्रत्यक्ष चाचणी. नव्या सेशनमध्ये (आधीचं काहीही आठवत नसलेल्या संवादात) एजंटला फक्त टूलचं वर्णन द्या, तुमच्याकडून एकही सूचना नको, आणि ते प्रश्न विचारा. उत्तरापेक्षा कॉलचा लॉग वाचा: कोणते पॅरामीटर भरले, कोणते मनानं बनवले, टाकीच्या प्रश्नावर कुठे थांबला. प्रत्येक चुकीच्या कॉलसमोर डॉक्समधलं जबाबदार वाक्य लिहा. वाक्यच नसेल, तर ते कसं असावं हे स्वतः लिहून डॉक्सच्या टीमला पाठवा. वाक्य बदलून आलं की तोच प्रश्न पुन्हा नव्या सेशनमध्ये चालवा.